सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेताना
सोलापुरातील प्रौढ व कमावत्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडून कोणता आधार मिळू शकतो?

दहावी, बारावी आणि लगेच महाविद्यालय, वयाच्या एकविसाव्या वर्षी पदवी: शिक्षणाचा हा सरळ रस्ता सर्वांच्या वाट्याला येत नाही. कुणाला वडिलांच्या आजारपणामुळे कारखान्यात जावे लागते, कुणाचे लग्न होते, कुणी एका विषयात नापास होऊन घरी बसते आणि ती एक परीक्षा दहा वर्षे तशीच राहून जाते. पुढे मुले शाळेत जाऊ लागली, नोकरीत बढतीची वेळ आली किंवा मनातली रुखरुख वाढली, की पुन्हा शिकावेसे वाटू लागते. वय तीस, पस्तीस, कधी पन्नास. अशा विद्यार्थ्यांना शिक्षणशास्त्रात ‘अपारंपरिक विद्यार्थी’ म्हणतात. त्यांच्यासाठी विद्यापीठांत व महाविद्यालयांत कोणत्या सोयी आहेत, त्या कशा मिळवाव्यात आणि त्या कुठे अपुऱ्या पडतात, याची माहिती आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना व्हावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

हे विद्यार्थी कोण?

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. कापड गिरण्यांनी या शहराला नाव दिले. गिरण्या गेल्या, पण यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणणारे कामगार आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आजही या शहराचा संसार चालवितात. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी येथे सहज ऐकू येते. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ असल्यामुळे ऊसतोडणीच्या हंगामात अनेक कुटुंबांचे बिऱ्हाड पाठीवर असते. रेल्वेचे विभागीय मुख्यालय, रुग्णालये, बाजारपेठ येथे पाळीने काम करणारा वर्गही मोठा आहे.

अशा शहरात अपारंपरिक विद्यार्थी हा अपवाद नसून घराघरांतील ओळखीचा माणूस असतो. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, दुकानात हिशेब लिहिणारा बारावी पास तरुण, अंगणवाडीत काम करणारी आई, अपघातानंतर चालता न येणारा कामगार, पतीच्या निधनानंतर घर सांभाळणारी स्त्री ही सारी या वर्गात येतात. त्यांच्यात बुद्धीची उणीव नसते. त्यांना हवा असतो तो वेळ, पैसा, कागदपत्रांची जुळणी आणि कुणीतरी दिलेला धीर.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे

काम करणाऱ्या माणसाला शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम स्थापन केला आणि १९१६ साली महिला विद्यापीठाचा पाया घातला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात आकाराला आलेल्या सेवासदनाने शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढ स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याचा मार्ग दाखविला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, जेणेकरून नोकरी करणाऱ्यांना वर्ग आटोपून कामावर जाता यावे.

या सर्वांमध्ये एक समान सूत्र दिसते. विद्यार्थ्याने संस्थेच्या वेळेनुसार वाकावे अशी अपेक्षा न ठेवता त्यांनी संस्थेची वेळ विद्यार्थ्याच्या आयुष्यानुसार बदलली. आजच्या सोयींचे मोल ठरविताना हीच कसोटी उपयोगी पडते.

सोलापुरात कोणते मार्ग उपलब्ध आहेत?

*पहिला मार्ग: नियमित महाविद्यालय.* सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ साली झाली. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ साली या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एका जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगाव येथे आहे. कामासाठी कोल्हापूरला जाण्याची गरज उरली नाही, हा कमावत्या विद्यार्थ्याचा मोठा लाभ होय. मात्र नियमित वर्गांना साधारणतः ७५ टक्के उपस्थितीची अट असते, हे प्रवेशापूर्वीच लक्षात घ्यावे.

*दुसरा मार्ग: रात्र महाविद्यालय.* सोलापुरात छत्रपती शिवाजी रात्र महाविद्यालय कला व वाणिज्य शाखांसाठी कार्यरत आहे. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग, अशी ही व्यवस्था असते. शिक्षकासमोर बसून शिकण्याची ज्यांना गरज वाटते, त्यांनी या मार्गाची चौकशी अवश्य करावी.

*तिसरा मार्ग: मुक्त विद्यापीठ.* नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद सर्वांना परिचित आहे. अनेक अभ्यासक्रमांची पुस्तके मराठीत असतात आणि निरनिराळ्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांतून मार्गदर्शन मिळते. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, हा आणखी एक पर्याय आहे. तेथे वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै सत्रांसाठी, प्रवेश दिले जातात. तीन वर्षांच्या अनेक पदव्यांसाठी सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. संसार सांभाळून शिकणाऱ्याला ही सवलत फार उपयोगी पडते.

मुक्त विद्यापीठाची पदवी ‘खरी’ नसते, असा समज अजूनही अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे. मान्यताप्राप्त संस्थेने दूरशिक्षणातून दिलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. तथापि संस्थेला व त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची चालू वर्षाची मान्यता आहे की नाही, हे संकेतस्थळावर स्वतः पाहावे. २०२४ सालापासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावरून ‘डेब आयडी’ काढावा लागतो. ‘घरबसल्या सहा महिन्यांत पदवी’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूरच राहिलेले बरे.

*ज्यांची दहावी-बारावी राहिली आहे त्यांच्यासाठी:* पूर्वी मुक्त विद्यापीठांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बारावी न झालेल्यांनाही पदवीला प्रवेश मिळत असे. आज मात्र प्रथम बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण होणे हाच सुरक्षित मार्ग आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही नाव नोंदविता येते. तेथे वयाची कमाल मर्यादा नाही. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत पुढे जाण्याची मुभा असल्यामुळे प्रौढांना ही पद्धत मानवते.

प्रवेशापूर्वीची पायरी: कागदपत्रे

प्रौढ विद्यार्थ्याचा पहिला अडथळा अभ्यासाचा नसून कागदांचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला असतो, गुणपत्रिकेची एकच जीर्ण प्रत उरलेली असते. दाखल्याची दुसरी प्रत शाळेकडे आणि गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे मागता येते. त्यास वेळ लागतो. म्हणून जूनमध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर जानेवारीतच सुरुवात करावी.

शिक्षणात खंड पडला असेल तर महाविद्यालये बहुधा खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र मागतात. मधल्या वर्षांत अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, एवढेच त्यात नमूद करायचे असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि त्यासाठी दलालाला पैसे देण्याचीही गरज नाही.

नावातील फरक हा विशेष लक्ष देण्याचा विषय आहे. विवाहित स्त्रीचे नाव गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे असते. आपल्या समाजात त्यात आणखी एक गुंता असतो: बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत लावलेले दुसरे आणि आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. विद्यापीठ शाळेच्या नोंदीवरील नाव प्रमाण मानते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आवश्यक असल्यास शासकीय राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल जवळ असल्यास पुढे परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि पदवी प्रमाणपत्र या तिन्ही ठिकाणचा त्रास वाचतो.

प्रवेशानंतर मिळू शकणाऱ्या सेवा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आणि आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ यांची तरतूद केली आहे. पहिले मंडळ विद्यार्थ्यांच्या कल्याणाच्या योजना पाहते. दुसऱ्याचे काम वर्गाबाहेरच्या समाजापर्यंत शिक्षण नेण्याचे आहे. प्रौढ विद्यार्थ्याने महाविद्यालयात गेल्यावर या दोन्ही विभागांचे काम पाहणारे प्राध्यापक कोण, हे प्रथम विचारून घ्यावे.

*कमवा व शिका:* या योजनेत विद्यार्थ्याला ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी दिवसातील काही तास काम देऊन मोबदला दिला जातो. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. परंतु मुले शाळेत गेल्यावर सकाळ मोकळी असलेल्या आईला किंवा गावाहून आलेल्या तरुणाला ती आधार देऊ शकते.

*मातृत्व व शिक्षण:* एम.फिल. व पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजेची तरतूद २०१६ च्या नियमांत करण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही उपस्थितीत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत देणारे नियम करावेत, असे सर्व विद्यापीठांना कळविले. गरोदरपणामुळे वर्ष सोडण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थिनीने आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. तोंडी विचारणा विसरली जाते, अर्जाला उत्तर द्यावे लागते.

*दिव्यांग विद्यार्थी:* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट आहे. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठी परीक्षेच्या दिवशी नव्हे, अर्ज भरतानाच मागणी नोंदवावी.

*समुपदेशन:* मुलाच्या वयाच्या सहाध्यायांत बसताना संकोच वाटतो, वाचलेले लक्षात राहत नाही, घरचे टोमणे मारतात. या ओझ्याविषयी बोलण्यासाठी महाविद्यालयातील समुपदेशकाकडे जाता येते. शिवाय केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. रात्रपाळी करणाऱ्याला ही सोय विशेष उपयुक्त आहे.

*तक्रार निवारण:* प्रवेश, शुल्क परतावा, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, निकालातील विलंब अशा बाबींसाठी २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

*प्रवास:* अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा येथून शहरात येणाऱ्यांसाठी एस.टी.चा विद्यार्थी सवलत पास असतो. शिवाय १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे आकारले जाते. वयाची किंवा विद्यार्थी असल्याची अट त्याला नाही.

पैशाचा प्रश्न

शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांची रचना बहुतांशी आईवडिलांवर अवलंबून असलेल्या तरुण विद्यार्थ्यासाठी झालेली आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती योजना आहे. मात्र विड्या वळणारी आई स्वतः पदवीला बसली तर ती योजना तिच्यासाठी नाही. ही विसंगती सोलापुरात प्रकर्षाने जाणवते.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. साध्या बी.ए., बी.कॉम. साठी ती गृहीत धरू नये. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित असल्याने मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करता येईल. प्रत्येक योजनेबाबत तीन प्रश्न आधी विचारावेत: वयाची मर्यादा काय, शिक्षणातील खंड चालतो काय आणि उत्पन्न कुणाचे धरले जाते? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर प्रौढ विद्यार्थ्याचा अर्ज टिकतो किंवा फेटाळला जातो.

आधार कुठे अपुरा पडतो?

कागदावर इतक्या सोयी असताना प्रौढ विद्यार्थी मधेच का गळतात? याचे एक साधे उत्तर आहे: कार्यालयाची खिडकी. दाखला, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीची पडताळणी यांसाठी ती खिडकी दिवसा, कामाच्या वेळेत उघडी असते. नेमक्या त्याच वेळी हा विद्यार्थी मागावर किंवा दुकानात उभा असतो. एका सहीसाठी त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. सही करणारे त्या दिवशी नसले तर दोन दिवसांचा. विडी कामगार स्त्रीची मजुरी वळलेल्या विड्यांच्या हजारांवर मोजली जाते. तिच्यासाठी कार्यालयातील प्रत्येक हेलपाट्याला किंमत आहे.

अंतराचाही प्रश्न आहे. विडी कामगार स्त्रियांची मोठी घरकुल वसाहत कुंभारी येथे, अक्कलकोट रस्त्यावर उभी राहिली. तेथेच रे नगरातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना सुपूर्द करण्यात आली. विद्यापीठ मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, केगावला आहे. घर मिळाले, पण विद्यापीठ गाठायचे तर सारे शहर ओलांडावे लागते.

तिसरी अडचण परीक्षांच्या वेळापत्रकाची. ऊसतोडणीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. हिवाळी सत्राच्या परीक्षा त्याच काळात येतात. तोडणीला गेलेल्या तरुणाला परीक्षेसाठी परतणे परवडत नाही. चौथी अडचण मुलांना सांभाळण्याची: संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या आईचे बाळ कुणी घ्यायचे, याचे उत्तर संस्थांनी शोधलेच पाहिजे.

आठवड्यातून एक दिवस रात्री आठपर्यंत खिडकी उघडी ठेवणे, रविवारी कागदपत्रे स्वीकारणे, प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक प्राध्यापक नेमून देणे, वर्गालगतच्या खोलीत पाळण्याची सोय करणे यांस फार मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयांच्या विद्यार्थी विकास समित्यांनी याचा विचार केल्यास अनेकांची पदवी पूर्ण होईल.

नवीन संधी: श्रेयांकांची बँक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एक वर्ष पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, अशी सोडण्याची व पुन्हा परतण्याची मुभा त्यात आहे. मिळविलेले श्रेयांक २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मात्र २०२१-२२ पूर्वीच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक तेथे जमा होत नाहीत. ज्यांचे शिक्षण त्याआधी सुटले त्यांनी आपल्या जुन्या गुणपत्रिका घेऊन विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे स्वतंत्र चौकशी करावी. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यासही परवानगी आहे. त्यामुळे नोकरीपुरता एखादा पदविका अभ्यासक्रम दूरशिक्षणातून पदवीसोबत करता येतो.

धर्मग्राम काय करू शकतो?

विद्यापीठ जे करू शकत नाही ते शेजारी करू शकतात. धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास शांतता, दिवा आणि टेबल उपलब्ध झाले तर एका खोलीच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासिका मिळते. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एकदा इंग्रजी किंवा हिशेबशास्त्राची उजळणी घेतली तर खासगी शिकवणीचा खर्च वाचतो. संगणक येणाऱ्या तरुणांनी ऑनलाइन अर्ज भरून दिले तर दलालाची गरज उरत नाही. महिला मंडळाने परीक्षेच्या पंधरा दिवसांत दोन मुलांना सांभाळले तर एखाद्या आईचे वर्ष वाचते. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदींचे दाखले वेळेवर, अचूक स्पेलिंगसह देणे हीदेखील शिक्षणाचीच सेवा होय.

आणि सर्वांत स्वस्त, तरीही सर्वांत दुर्मीळ असा आधार म्हणजे टोमणे न मारणे. “या वयात शिकून काय करणार?” हा प्रश्न अनेकांच्या हातातील पुस्तक मिटवितो.

मागावर काम करताना धागा तुटतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. धागा तुटला म्हणून कुणी कापड टाकून देत नाही. माग थांबवितात, दोन टोके शोधतात, गाठ मारतात आणि विणकाम पुढे चालू करतात. ज्यांच्या घरी असे एखादे टोक सुटून राहिले आहे, त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे: जुनी गुणपत्रिका शोधून काढावी, तिच्या दोन छायांकित प्रती कराव्यात आणि जवळच्या महाविद्यालयात किंवा अभ्यासकेंद्रात जाऊन प्रवेशाच्या तारखा विचाराव्यात.